मदत हवी आहे : सेतुपाठात प्रश्न कौशल्य का ढेपाळतं?

बीएड प्रथम वर्ष, गणित पद्धती. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या पाठातून एकेका अध्यापन कौशल्याच्या सरावाचं, 36 मिनिटांचं चक्र (अध्यापन 6, प्रत्याभरण म्हणजे अभिप्राय 6, पुनर्नियोजन 12, पुनर्अध्यापन 6, पुनर्प्रत्याभरण 6) सुटं कौशल्य घेताना नीट चालतं. पण सेतुपाठात, म्हणजे ही सुटी कौशल्यं जोडून घ्यायच्या सराव पाठात, प्रश्न, स्पष्टीकरण आणि फलकलेखन एकत्र आलं की प्रश्नांचाच बळी जातो.

उदाहरणार्थ, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. छात्राध्यापक फळ्याकडे तोंड करून आकृती काढतात आणि तसंच विचारतात, ‘बेरीज 180 येते ना?’ वर्ग एका सुरात ‘हो’. उत्तर प्रश्नातच दिल्यावर दुसरं काय होणार! कधी आधी मुलाचं नाव घेतात, मग प्रश्न. बाकीची मुलं तिथेच सुटतात. प्रश्नानंतर 3 सेकंद थांबा म्हटलं तरी दुसऱ्याच सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे. उत्तर अर्धवट आलं तर ‘कशावरून?’ विचारणं दूरच.

टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) मुख्य प्रश्न आणि अपेक्षित उत्तर लिहायला लावलंय. चुकीचं उत्तर आल्यास विचारायच्या प्रश्नासाठी वेगळा रकाना कुणी ठेवता का? निरीक्षण तक्त्यात नुसती प्रश्नसंख्या मोजावी की प्रकारही नोंदवावेत? सरावात सहाध्यायीच विद्यार्थ्यांच्या भूमिकेत असतात, त्यांना मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायला सांगणं कितपत चालतं? भरलेल्या टाचणाचा नमुना मिळाला तर फार बरं.