मदत हवी आहे: उजवा ऑल्ट दाबला की एडिटर भलतंच काहीतरी करतो

नमस्कार मंडळी. देवनागरीत टाइप करताना काही चिन्हांसाठी उजवा ऑल्ट लागतो. तो दाबून अक्षर मारलं की माझ्या एडिटरमध्ये चिन्ह उमटतच नाही, उलट आख्खी ओळ खाली सरकते. काल दोन परिच्छेदांची अदलाबदल झाली आणि सेव्ह केल्यावर लक्षात आलं, फार वाईट वाटलं.

नोटपॅडमध्ये तीच चिन्हं नीट येतात, म्हणजे कीबोर्ड ठीक आहे. अशा कीबोर्ड लेआउटमध्ये (कळींच्या मांडणीत) विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल अधिक ऑल्ट समजतं, तिथेच एडिटरचा शॉर्टकट आडवा येत असावा. सेटिंगमधून तो काढला, तरी पुन्हा सुरू केल्यावर परत हजर! एखादं प्लगइन (एडिटरला जोडलेला जादा प्रोग्राम) तो परत लावत असेल का? कुठल्या कळीला कुठला शॉर्टकट बांधलाय आणि कोणी, हे कसं शोधायचं?