मदत हवी आहे: दोघी मैत्रिणी, पाठीवर सॅक, दापोली ते रेडी (मुख्य प्रश्न खाड्या ओलांडण्याचा)

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच सांगते. मी आणि माझी मैत्रीण फेब्रुवारीत १२ दिवस कोकणात फिरणार आहोत, दापोलीपासून खाली रेडीपर्यंत. गाडी नाही. एसटी, फेरीबोट आणि जमेल तिथे चालत. मी पुण्यात असते, आजोळ दापोलीकडचं, पण आजी गेल्यावर तिकडचं घर बंद झालं, त्यामुळे मला जे माहितीये ते मे महिन्याच्या सुट्टीतलं, पोरवयातलं. मैत्रीण चंद्रपूरची, ताडोबाच्या अंगाला वाढलेली. जंगलात ती पुढे आणि मी तिच्या पावलावर पाऊल ठेवून मागे, पण समुद्र तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो माझ्याबरोबर, गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी आम्ही वरचा टप्पा केला, रेवदंड्यापासून वेळासपर्यंत. रेवदंड्याच्या किल्ल्यात आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि मधूनच एखादी पोर्तुगीज भिंत, कमान, तो सातखणी मनोरा, कुणी तिकीट मागत नाही कुणी काही सांगत नाही, आपणच झाडी बाजूला करत बघायचं. खाडीपलीकडे कोर्लई, तिथल्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, १७४० मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतला तरी भाषा तिथेच राहिली, हे ऐकून ती इतकी हरखली की एका आजींच्या ओट्यावर तासभर बसली. मग फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं ते, १९८६ पासून अभयारण्य. तिथे पाणवठ्याला गाण म्हणतात, चिखलगाण, सावरटगाण अशी नावं आहेत. गारंबीचा वेल तिने तिथे पहिल्यांदा पाहिला, माणसाच्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, आणि खाली पडलेली त्याची शेंग तिच्या खांद्यापासून बोटांपर्यंत पुरली. हलवली की आत बिया खुळखुळतात. वर शेकरू ओरडत होतं, तिने आवाजावरूनच ओळखलं.

आता जे घडलं ते सांगते, कारण सगळे प्रश्न त्यातूनच आलेत. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर छोटी खाडी होती, सकाळी नऊला गुडघाभर पाणी, आम्ही चपला हातात घेऊन आरामात पलीकडे गेलो. पलीकडचं सुरूचं बन, वाळू, कुणी माणूस नाही, आम्ही रमलो. परत फिरलो तेव्हा दीड वाजला होता. पाणी वाढलेलं दिसत होतं, ती म्हणाली अगं थांबूया का, आणि मी म्हणाले काही नाही होत, चल. मध्यावर पाणी कमरेला आलं आणि पायाखालची वाळू संपून गाळ लागला. सॅकमध्ये पाणी शिरलं, ती जड झाली, पाय उचलेना. तिला पोहता येत नाही. लांबून एका होडीवाल्या काकांनी हाक मारली, "मागे फिरा गो, पुढे गाळ हाय!" आणि मग त्यांनीच होडी आणून आम्हाला घेतलं. तिने माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

मला जास्त लागलं ते हे, की मला हे कळायला हवं होतं. आजी सांगायची, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी संकष्टी होती, मैत्रिणीचा उपासच होता, म्हणजे चार पाऊणे तीन, भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी नऊला. आकडे समोर होते आणि मी मांडले नाहीत. ती मला एका शब्दाने बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने आली, वेळासला पहाटे उठून कासवाची पिल्लं बघायलाही आली. टोपली उचलली तर आत बारा-पंधरा पिल्लं, एकमेकांच्या अंगावर चढलेली, वाळूने माखलेली. वाळूवर सोडली की सरळ पाण्याकडे निघतात, लाट एकदा मागे फेकते, परत निघतात. ती पाण्यापासून वीस पावलं लांब उभी राहून बघत होती. यंदा "पुढचा टप्पा करूया" हे तिने स्वतःहून म्हटलंय, आणि म्हणून मला या वेळी प्रत्येक खाडी नीट माहीत करून घ्यायचीये.

आमचा ढोबळ मार्ग असा: दापोली, हर्णै (सुवर्णदुर्ग), पन्हाळेकाजी, दाभोळ, फेरीबोटीने धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने जयगड, मग रत्नागिरी, कशेळी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, रेडी. सावंतवाडीहून रेल्वेने परत. शिमग्याच्या आधी घरी पोचायचंच आहे, तेव्हा गाड्यांना उभं राहायला जागा नसते. एसटीला बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा नाही, राहणं आणि जेवण मिळून दोघींचं दिवसाला दोन हजारात बसावं असं वाटतं.

तर प्रश्न.

सगळ्यात महत्त्वाचा. सुवर्णदुर्गाला हर्णै बंदरातून होडी मिळते, पण तिथे धक्का नाही, पाण्यात उतरून किनाऱ्याला लागावं लागतं असं आठवतंय. पोहता न येणाऱ्या माणसाने जावं का? लाइफ जॅकेट असतं का, की आपलं घेऊन जावं? मुरुडला राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो तेव्हा होडीतून पायऱ्यांवर उडी मारायला लावली होती, ते तेव्हा तिला मजेचं वाटलं होतं, आता वाटणार नाही.

कशेळी ते विजयदुर्ग हा टप्पा किनाऱ्याने कुणी केलाय का? मध्ये जैतापूरची खाडी आणि मग वाघोटनची. जैतापूरला पूल आहे. विजयदुर्गाच्या समोरच्या काठावरून मासेमारीची होडी पैसे देऊन पलीकडे सोडते का? नसेल तर राजापूर, तळेरे करून एसटीने फिरून जाऊ, अर्धा दिवस गेला तरी चालेल. पण विजयदुर्ग पाण्याकडून बघायचा मोह आहे, १७५६ मध्ये आंग्र्यांचं आरमार जिथे जळलं ती खाडी आहे ती.

पन्हाळेकाजीला दापोलीहून दिवसातून किती गाड्या आणि परतीची शेवटची कधी? कोटजाई नदीच्या काठी, सगळीकडे रान, आणि २९ लेणी, आधी बौद्ध आणि नंतर नाथपंथी. अवशेष आणि जंगल एकाच जागी हवं असेल तर याच्यापेक्षा चांगलं ठिकाण मला माहीत नाही. वस्तीची गाडी असेल तर गावात कुणाच्या ओटीवर मुक्काम करायला आम्हाला आवडेल.

कातळशिल्पं. कशेळीचा तो सुमारे १८ मीटरचा हत्ती बघायचाच आहे. पण सडा (उघड्या कातळाचं पठार) म्हटलं की फुरसं हा विषारी साप आलाच. मैत्रीण सापांना बिचकत नाही, तिने मलाच समजावलं की चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय न हलवता सरळ दवाखाना. तर त्या भागात सर्पदंशाची लस हमखास असते असा जवळचा सरकारी दवाखाना कुठला? आणि सड्यावर वाट दाखवायला गावातलं कुणी मिळतं का, त्यांना योग्य ते पैसे देऊच.

आणि रेडीचा यशवंतगड. फोटोत तटबंदी वडाच्या मुळांनी अशी गिळलीये की दगड कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं कळत नाही. दोघींनी संध्याकाळी तिथे जाणं ठीक आहे की सकाळीच उरकावं? खालच्या किनाऱ्यावर तंबू लावलेला चालतो का, की गावात विचारून कुणाच्या अंगणात लावावा? आम्हाला अंगण जास्त बरं वाटेल.

"दोघीच?" हा प्रश्न घरी होऊन गेलाय, इथे नको. रिसॉर्टची नावंही नकोत. घरगुती जेवण देणाऱ्या खानावळी सांगा, तिला तिरफळ घातलेला बांगडा इतका आवडलाय की चंद्रपूरला तिरफळं कुरियर करायला लावली.

अपडेट, दोन दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवली. ठरलं ते असं. वाघोटनची होडी रद्द, एसटीने फिरून जाणार, ज्यांनी लिहिलं की "भरवशाचा माणूस नसेल तर नाद सोडा" त्यांचं पटलं. सुवर्णदुर्गाचं तिच्यावर सोडलंय, हर्णैला बंदरावर उभं राहून पाणी बघून ती ठरवेल, नाही म्हणाली तर आम्ही किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावरून बघू आणि मग मासळीचा लिलाव बघायला जाऊ. मी चकार शब्द काढणार नाही. लाइफ जॅकेट दोन विकत घेतली, सॅकला बांधून नेणार.

तारखाही एकीने सुचवल्याप्रमाणे पंचांग समोर ठेवून आखल्या. रोजच्या पानावर तिथी, भरती, ओहोटी असं लिहिलंय, आणि हे सगळं मैत्रिणीने लिहिलंय, मी फक्त पाऊणकी सांगितली. आता एकच अडलंय. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, भरती कमी चढते तशी ओहोटीही पुरती लागत नाही, बरोबर ना? म्हणजे पौर्णिमेच्या ओहोटीला जिथे घोटाभर पाणी असतं तिथे अष्टमीला किती धरायचं? गुहागर ते हेदवी मध्ये जे छोटे पऱ्हे (ओढे) समुद्राला मिळतात, ते त्या दिवसांत चालत ओलांडता येतात की दर वेळी वर रस्त्याला येऊन पुलावरून जायचं? आम्ही तिथे नेमक्या सप्तमी-अष्टमीला असू. तिकडचं कुणी असेल तर प्लीज सांगा, ती वहीत तेवढीच एक ओळ रिकामी ठेवून बसलीये.