मदत हवी आहे: पक्षीनोंदींसाठी मास्टोडॉनवर कोणता सर्व्हर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मुलुंड-भांडुप-ऐरोली पट्ट्यात पक्षी बघणारा आमचा छोटा गट आहे. भांडुप उदंचन केंद्र, ठाणे खाडी, कधीमधी शिवडी. नोंदी सगळ्या मराठीत: तारीख, ओहोटीची वेळ, काय दिसलं, चिखलात की झाडावर. आजवर हे व्हॉट्सॲपवर चाललं, पण हिवाळ्यातला पहिला तुतवार मागच्या वर्षी कधी दिसला हे शोधायला गेलं की सापडत नाही. म्हणून नोंदी मास्टोडॉनवर ठेवायचं ठरतंय (ट्विटरसारखं समाजमाध्यम, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरांवर पसरलेलं). अडलंय ते खातं कुठल्या सर्व्हरवर उघडायचं यावर.

"कुठलाही घ्या, सगळे जोडलेलेच आहेत" असं जो तो सांगतो. ॲक्टिव्हिटीपबमुळे, म्हणजे सर्व्हरांना आपसात जोडणाऱ्या सामाईक नियमांमुळे, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येतं, हे खरंच. पण पुढे सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स नव्या खात्यावर येतात आणि जुन्या पोस्टी मागेच राहतात. आमचं तर सगळं धन त्या जुन्या पोस्टींतच असणार. शिवाय काही सर्व्हरांचा नियम असतो की सार्वजनिक पोस्ट इंग्रजीतच हवी. ते आमच्या कामाचे नाहीत.

सगळ्यात जास्त काळजी घरट्यांची. मागे एका पिंगळ्याच्या ढोलीचा पत्ता फुटला आणि झाडाखाली कॅमेरेवाल्यांची रांग लागली. जोडी ढोली सोडून गेली. मास्टोडॉनवरचे खाजगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचणं शक्य असतं. त्यामुळे घरट्याचं ठिकाण तिथे लिहायचंच नाही, एवढं आमचं पक्कं आहे.

आता प्रश्न. मास्टोडॉन डॉट सोशलसारखा मोठा सर्व्हर घ्यावा की निसर्गप्रेमींचा छोटा? मोठ्याच्या लोकल टाइमलाइनवर (त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या सार्वजनिक पोस्टींची यादी) आमची नोंद क्षणात खाली जाईल. छोट्यावर ओळखी होतील, पण चालवणारा एकटाच असला आणि आजारी पडला तर? आणि मराठीत कुणी शिवीगाळ केली तर ती मॉडरेटरला (तक्रारी बघून पोस्टी काढणाऱ्याला) वाचता येईल का? गटातले काका-काकू सत्तरीपुढचे आहेत, त्यांना वर्षभरात पुन्हा नवीन खातं शिकवायची वेळ यायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

लोकल टाइमलाइनवरून निवड करू नका. वाचणारे तुम्हाला हॅशटॅगवरून शोधतील, हॅशटॅगच फॉलो करता येतो. त्यापेक्षा सर्व्हरचं माहितीपान नीट वाचा: चालवतं कोण, नियम काय, कुठले सर्व्हर ब्लॉक केलेत. मास्टोडॉनच्या अधिकृत साइटवर जी सर्व्हरांची यादी आहे, त्यातल्यांनी काही गोष्टी कबूल केलेल्या असतात. रोज बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल असा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर ३ महिने आधी सूचना. चालवणारा आजारी पडला तर, या तुमच्या शंकेला यात उत्तर आहे. छोटा घ्या, पण या यादीतला.

मराठी मॉडरेटरचं चालकांना आधीच सरळ विचारा. उत्तर कसं येतं त्यावरून माणसंही कळतील.

पोस्टींचं अर्काइव्ह (सगळ्या पोस्टींची प्रत) सेटिंगमधून दर ७ दिवसांनी मागवता येतं. नव्या सर्व्हरवर ते चढवता येत नाही, पण नोंदी हातात राहतात. गटातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं. खातं हलवायला जुना सर्व्हर चालू असावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार, मोठं ओझं उतरलं. जुन्या नोंदींत शब्द टाकून शोधता येतं का?

प्रतिसाद १

येतं, पण सर्व्हरने ती सोय चालू ठेवलेली हवी, सगळे ठेवत नाहीत. आणि इतरांनाही तुमच्या नोंदी शोधता याव्यात असं वाटत असेल तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. मराठीबरोबर हाही प्रश्न त्याच पत्रात विचारून टाका.