मदत हवी आहे: मावशीला स्वतःच्याच घरात राहायचंय, ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ लागू होईल का?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीजवळच्या गावात माझी मावशी राहते, वय ७८, विधवा. २०१६ साली तिने बक्षीसपत्र करून घर मुलाला दिलं. आता तो घर बंद करून तिला वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतोय. मावशी अजून खणखणीत आहे. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकला की स्वतः फाटकापर्यंत जाते, उंड्यांचा हिशेब चोख ठेवते. तिला पोटगी नको, फक्त तिथेच राहायचंय.

मुलाशी बोलणी तीनदा फिसकटली. पंचायतीने 'घरगुती मामला' म्हणून हात झटकले. मग २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा वाचला. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर, हस्तांतरण रद्द करून परत मागता येते. अडचण अशी की बक्षीसपत्रात सांभाळण्याची अटच नाही. कबुली तोंडी होती, अख्ख्या वाड्यासमोर! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कलम २३ चा अर्थ उदारपणे लावला खरा, पण त्या प्रकरणात मुलाने वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं.

दिवाणी दावा तिला झेपणार नाही. तोंडी वचनासाठी शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं या कायद्याखालच्या न्यायाधिकरणात चालतात का? आणि बक्षीसपत्र रद्द न करता, नुसतं 'घराबाहेर काढू नये' एवढाच आदेश गोव्यात कुणाला मिळालाय का?