मदत हवी आहे: गाडीत पाणी येतंय, एसी की सनरूफ?
मंडळी, 2021 ची सनरूफवाली गाडी आहे, 48 हजार किमी झालेत. ताम्हिणीतून धो धो पावसात आलो आणि घरी बघतो तर शेजारच्या सीटपुढचं कारपेट पिळून पाणी निघेल इतकं ओलं, वर कुबट वास, आईला बसल्या बसल्या खोकला सुरू होतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले एसीचा ड्रेन पाइप चोकअप, साफ केला, बिल घेतलं, पण परवा एसी बंद ठेवूनही पाणी आलंच. गाडी गुलमोहराखाली असते, म्हणून मला वाटतंय सनरूफच्या कोपऱ्यातल्या, पावसाचं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबल्यात. तार घालू का, की नळी आत निसटेल? कारपेटखालच्या वायरिंगची फार काळजी वाटतेय, वाळवायला सीट काढावीच लागेल का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.