पॅक-१२ खेळाडूंच्या पैशाने मोडली नाही

पुलमनकर:
मी २००६ ते २००८ वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलो. पुलमन म्हणजे गव्हाच्या शेतांमधलं गाव. वस्ती तेहतीस हजारांच्या आसपास, स्टेडियमही जवळपास तेवढ्याच माणसांचं. पुण्याहून गेलो तेव्हा अमेरिकी फुटबॉलचा एकही नियम कळत नव्हता. पण नोव्हेंबरात ॲपल कप, म्हणजे सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनशी सामना आला की गावाचं लग्नघर व्हायचं, आणि लॅबमधली मंडळी मलाही ओढून न्यायची.

आमची कॉन्फरन्स पॅक-१२, म्हणजे पश्चिमेकडच्या विद्यापीठांचा आपसात खेळणारा गट, १९१५ सालची. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. वर्षभराने कोलोरॅडो गेलं. मग ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ऑरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा गेले. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर पॅसिफिकच्या काठावरून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! मागे राहिलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट.

आपल्या मराठी मित्रमंडळींतही हल्ली एकच सूर ऐकू येतो: ‘पोरांना पैसे द्यायला लागल्यापासून कॉलेजचा खेळ बिघडला.’ मला हे मुळीच पटत नाही. यातला एकही निर्णय खेळाडूंनी घेतला नाही. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आणि टीव्ही वाहिन्यांनी घेतला.

कोलंबसवाला:
तुमचं दुःख समजतं, पण दोष देण्याची जागा चुकली. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेची, टीव्हीवरची मक्तेदारी मोडली, आणि तो खटला ओक्लाहोमा विद्यापीठानेच लढवला होता. आपल्या सामन्यांचे हक्क आपण विकायचे, हा मार्ग तेव्हाच खुला झाला. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वर करार केला, कारण बघणारे आहेत. पॅक-१२ ने २०१२ मध्ये स्वतःचं नेटवर्क काढलं, ते डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही सेवेवर कधीच आलं नाही. शेवटी हाती राहिला ॲपल कंपनीचा, वर्गणीदार किती मिळतील त्यावर अवलंबून असलेला प्रक्षेपणाचा प्रस्ताव. अशा वेळी वॉशिंग्टनने थांबून काय करायचं होतं?

आणि कॉन्फरन्सच्या फेरमांडणीत सगळं तुटतंच असंही नाही. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा सामना २०११ नंतर बंद होता. टेक्सस हे ए अँड एमच्याच एसईसी कॉन्फरन्समध्ये आल्यामुळेच २०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

पुलमनकर:
टेक्ससचा मुद्दा मान्य. पण त्याच फेरमांडणीत ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचा ‘बेडलम’ सामना २०२३ नंतर थांबला, तेही सांगा. आमचा ॲपल कप वाचला, पण २०२४ मध्ये तो सप्टेंबरात खेळवला. आम्ही २४-१९ जिंकलो. आनंद झालाच, पण नोव्हेंबरातल्या थंडीतला तो शनिवार गेला तो गेलाच.

जलतरणपटूची आई:
तुम्ही दोघंही फुटबॉलच्या पलीकडे बघतच नाही आहात. माझी मुलगी कॉलेजसाठी पोहायची. स्कॉलरशिप नव्हती, वॉक-ऑन होती. पहाटे साडेपाचला पाण्यात, नऊला वर्गात. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्याची तडजोड ६ जून २०२५ ला मंजूर झाली. त्यानुसार पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, तडजोडीत सामील झालेलं प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना २.०५ कोटी डॉलरपर्यंत देऊ शकत होतं. सोबत प्रत्येक खेळाला रोस्टरची, म्हणजे संघात किती खेळाडू ठेवायचे याची, मर्यादा आली. मुलीच्या प्रशिक्षकांनी बोलावून सांगितलं, तुझी जागा राहिली नाही. ती माझ्याकडे रडली नाही, दोन दिवस बोललीच नाही.

बहुतेक ठिकाणी मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार. १९७२ च्या टायटल नाइनने, म्हणजे शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करायला मनाई करणाऱ्या कायद्याने, मुलींना जे मिळवून दिलं, त्याचं या वाटपात काय होतं, यावर तुमचं मत सांगा.

रॅलीचा (नॉर्थ कॅरोलायना) विद्यार्थी:
काकू, तुमच्या मुलीवर अन्यायच झाला. पण त्यासाठी खेळाडूंचे पैसे थांबवू नका. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये एका प्रशिक्षकाला काढताना सात कोटी डॉलरच्या वर देणं पत्करलं. म्हणजे तिजोरी भरलेली होती, फक्त खेळणाऱ्यांसाठी बंद होती. खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या बंधनांबद्दलच्या २०२१ च्या ऑलस्टन निकालात सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरोधात गेले. मी स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. माझ्यासारख्या परदेशी खेळाडूला आजही नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीतून कमावताना व्हिसा जाण्याची धास्ती असते. त्यामुळे ‘पैसा नको, खेळाचं प्रेम हवं’ हे वाक्य मला फार टोचतं.

शिवाय पैशाचा ओघ मुलींकडेही वळतोय. २०२४ ची महिलांच्या बास्केटबॉलची अंतिम लढत, साउथ कॅरोलायना विरुद्ध केटलिन क्लार्कची आयोवा, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिली.

जलतरणपटूची आई:
आणि त्याच मोसमात ऑरेगन स्टेटच्या मुली शेवटच्या आठांत पोचल्या, तेव्हा त्यांची कॉन्फरन्स कोसळत होती. काही आठवड्यांत बहुतेक संघ ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीतून, पांगला. केटलिन क्लार्क एकच असते हो.

पुलमनकर:
काकूंच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: फुटबॉल वेगळा काढा. त्याला हवं त्या कॉन्फरन्समध्ये, हवं तेवढ्या अंतरावर जाऊ द्या. हफ्त्याला एक सामना, चार्टर विमान, त्यांना झेपतं. पण स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉलच्या मुलींनी बोस्टनला आणि मायामीला का जायचं? बाकीचे खेळ शेजाऱ्यांशी खेळू द्या. यूकॉनने २०२० मध्ये हेच केलं: बाकी खेळ बिग ईस्टमध्ये, फुटबॉल स्वतंत्र.

कोलंबसवाला:
कागदावर छान आहे. पण टीव्हीचा करार संपूर्ण कॉन्फरन्सशी होतो. फुटबॉल बाजूला काढलात की व्हॉलीबॉल, जलतरण, कुस्ती यांचं भाव करण्याचं बळ संपतं. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही २०२० मध्ये अकरा खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. ओरड झाली म्हणून दहा महिन्यांनी माघार घेतली. सगळ्यांचे माजी विद्यार्थी एवढी ओरड करू शकत नाहीत.

पुलमनकर:
फुटबॉलचा पैसा त्याच विद्यापीठाच्या खात्यात येतो ना? मग तो पोहण्याच्या तलावावर खर्च करायला टीव्हीची परवानगी कशाला लागते? अध्यक्षांनी ठरवायचं. सात कोटी प्रशिक्षकाला घरी बसवायला निघतात, तर वॉक-ऑन मुलीच्या पोहण्याच्या वेळेला कात्री का?

जलतरणपटूची आई:
हे त्यांना कोणीतरी लेखी विचारा. मी सही करते.