सोसायटी ग्रुप, उंड्री (पुणे): टँकरवाल्याच्या मेलला उत्तर

सेक्रेटरी, ए-३०२: टँकरवाल्याच्या ऑफिसचा मेल आलाय. 'प्रत्येक टँकर पूर्ण १०,००० लिटरचाच असतो' असं ठासून लिहिलंय. उत्तर इंग्रजीतच द्यावं लागेल. आपण टेपनं टाकीत घेतलेलं माप त्यांचा दावा खोटा पाडतं, तिथे 'गिव्हज द लाय टू' टाकलंय. पण त्याच मापानं आपल्या पंप ऑपरेटरची पाणी कमी येतं ही तक्रार खरी ठरते. तिथे याच्या उलट काय लिहू? बी-७०३ मॅडम, बघता का?

बी-७०३: 'बेअर्स आउट' लिहा. 'द रीडिंग्ज बेअर आउट द ऑपरेटर्स कम्प्लेंट.' रीडिंग एकच असेल तर 'बेअर्स'. जोडी चांगली जमते, कारण दोन्हीकडे कर्ता पुरावा असतो, माणूस नाही. 'वुई गिव्ह द लाय' असं लिहू नका. आपण नाही, टेपवरचा आकडा खोटं पाडतो.

ए-३०२: दोन्हीला 'टू' लागतं ना?

बी-७०३: नाही, तिथेच गफलत होते. 'गिव्ह द लाय'ला 'टू' हवंच, 'बेअर आउट'ला अजिबात नको. 'द'च्या जागी 'अ' चालत नाही आणि 'लाय'चं अनेकवचन करायचं नाही. भूतकाळ 'बोअर आउट'. 'च्या आकड्यांनी खरं ठरलं' अशा रचनेत 'बोर्न आउट बाय', आणि त्या बोर्नच्या शेवटी ई. ई सुटला तर जन्माचा बोर्न होतो आणि मोबाईल चूक दाखवतही नाही.

सी-१०४: शब्द नंतर. आधी आकडे टिकतात का ते बघू. अंडरग्राउंड टाकीत टँकरचं पाणी पडतं तो कप्पा आतून ५ मीटर बाय ४ मीटर. म्हणजे १ सेंमी पाणी चढलं की २०० लिटर. १०,००० लिटरला ५० सेंमी चढायला हवं. तीन टँकरची वाढ ४३, ४२ आणि ४४. सरासरी ४३, म्हणजे ८,६०० लिटर.

ई-२०२: पंप चालू असला तर? पाणी वर जात असणार की.

सी-१०४: पंप बंद होता, महापालिकेच्या लाईनचा व्हॉल्व्हही बंद. दोन कप्प्यांमधला व्हॉल्व्हसुद्धा बंद हवा. तो उघडा राहिला तर पाणी दोन्हीकडे पसरतं आणि वाढ जवळपास निम्मीच दिसते. टँकर सुटल्यावर पाणी हिंदकळतं, ते निवळल्यावरच टेप टाकायची. टेप दरवेळी त्याच कोपऱ्यात, तळाला टेकवून. टाकी बाहेरून मोजू नका, भिंतींची जाडी धरली जाऊन लिटर फुगतात आणि फायदा त्यांचा होतो.

डी-५०१ (वकील): टेप वाचण्यात चूक किती धरायची?

सी-१०४: प्रत्येक वाचनात जास्तीत जास्त १ सेंमी. आधीचं एक, नंतरचं एक, दोन्ही चुका एकाच दिशेला गेल्या तरी ४०० लिटर. तूट १,४०० ची आहे, आणि तिन्ही वेळा.

डी-५०१: मग 'गिव्हज द लाय टू' टिकतं. एकच टँकर मोजला असता तर मी 'डज नॉट बेअर आउट' सुचवलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की माप दाव्याला आधार देत नाही. दावा खोटा आहे असं त्यात येत नाही. पुरावा लंगडा असताना वरच्या पट्टीत लिहिलं की समोरचा आपल्यालाच कोंडीत पकडतो.

ई-२०२: पण काका, 'लाय' म्हणजे सरळ खोटारडा म्हटल्यासारखंच नाही का? एप्रिल-मेमध्ये पाणी त्याच्याकडूनच घ्यायचंय.

डी-५०१: आज त्याचा अर्थ दावा खोटा ठरतो एवढाच. जुन्या इंग्रजीत मात्र 'गिव्ह समवन द लाय' म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणणं, त्यावरून द्वंद्वयुद्धाची आव्हानं निघायची. शब्दाला टोक आहेच. पहिल्या पत्रात 'इज इनकन्सिस्टंट विथ', म्हणजे विसंगत आहे, असं घाला, 'लाय' दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवा.

बी-७०३: पटलं. 'रिफ्यूट', म्हणजे पुराव्यानं खोडून काढणं, तेही टाळा. आणि 'डिनाय' तर नकोच, ते नुसतं नाही म्हणणं झालं, त्याला पुरावा लागत नाही.

ए-३०२: ठीक. ऑपरेटरच्या वाक्यात 'बेअर आउट'. त्यानं सांगितलेलं सगळं टाकतो: पाणी कमी येतं, आणि ड्रायव्हर उरलेलं पाणी परत नेतो.

सी-१०४: थांबा. मापानं पहिली गोष्ट खरी ठरते, दुसरी नाही. टँकर भरतानाच कमी भरला असेल तरी टाकीत ४३ च दिसणार.

बी-७०३: बरोबर. दुसऱ्या गोष्टीला फार तर 'कन्सिस्टंट विथ', म्हणजे विसंगत नाही इतकंच. गेटच्या रजिस्टरमध्ये वॉचमननं 'व्हॉल्व्ह लवकर बंद केला' असं स्वतंत्रपणे लिहिलं असेल तर 'कोरोबोरेट्स' म्हणता येईल. तिथे दुसरा, वेगळा साक्षीदार लागतो. ऑपरेटरनं सांगितलं म्हणून वॉचमननं लिहिलं असेल तर ते चालणार नाही.

एफ-६०१: ऑपरेटर पाणी वाया घालवतो म्हणून इथे त्याच्यावर किती आरोप झाले! त्याच्यासाठी शब्द नाही का?

बी-७०३: आहे की, 'व्हिंडिकेट'. माणसावरचा ठपका पुसला जातो तेव्हा. पण ते टँकरवाल्याच्या पत्रात नको, आपल्या मराठी नोटिशीत लिहा. 'मोजमापामुळे पंप ऑपरेटरचं म्हणणं खरं ठरलं आहे.' 'दुजोरा मिळाला' नको, दुजोरा सहसा दुसरा माणूस देतो. इथे तर हातच्या कांकणाला आरसा कशाला, टेप टाकीपाशीच टांगलीय.

डी-५०१: पत्राचा शेवट 'प्लीज सब्स्टँशिएट युअर क्लेम' असा करा. दावा करणाऱ्यानंच पुरावा द्यायचा, असा त्याचा अर्थ. मागायचं काय ते नेमकं लिहा, भरलेल्या आणि रिकाम्या टँकरच्या वजनकाट्याच्या पावत्या. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन, तेवढा फरक दिसलाच पाहिजे. दोन्ही पावत्यांवर गाडीचा नंबर एकच हवा.

सी-१०४: आणि डिझेल टाकीची पातळीही साधारण तीच हवी. १०० लिटर डिझेल म्हणजे ८०-८५ किलो, टँकरच्या मानानं किरकोळ, पण वाद घालणारा तेही काढेल.

ए-३०२: मसुदा रात्री इथेच टाकतो. सी-१०४ काका, तिन्ही वाचनांचे फोटो तारखेसकट पाठवा, टेपचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून.